बिनजिन्याचं घर

आईनं डाव्या हातातला चमचा नवऱ्याच्या ओठांशी नेला, तो गिळेपर्यंत थांबली आणि हनुवटीवर ओघळलेलं दूध फडक्यानं टिपलं.

"वकीलबाई, तुम्ही शंभरदा आलात तरी माझं उत्तर तेच," मागे न बघता ती म्हणाली. "घर चांगलं होतं. पोरगा वाईट निघाला. त्याला कोण काय करणार?"

वकीलबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर फाइल होती, पण त्यांनी ती उघडली नव्हती. अशा घरांत फाइल उघडली की माणसं मिटतात, एवढं त्या शिकल्या होत्या.

"मावशी, घर चांगलं होतं असं म्हटलं तर न्यायाधीश म्हणतील, मग याला कमी काय पडलं? चांगल्या घरातून येऊन दोन जीव घेणाऱ्याला दया कशाला दाखवायची?"

"मग खोटं सांगू?"

"खरं सांगा."

आईनं वाटी खाली ठेवली. पलंगावरचा माणूस वकीलबाईंकडे बघत होता. अर्धांगवायूनं त्याची एक बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. नजर मात्र शाबूत होती. गल्लीत त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. उभा जन्म त्यानं अॅम्ब्युलन्स चालवली होती, आणि आसपासच्या प्रत्येक घरात त्यानं वेळेवर पोचवलेलं एखादं तरी माणूस होतं. अजूनही लोक येता-जाता खिडकीतून त्याला हात करत.

"त्यांच्याबद्दल तुम्हाला ऐकायचंय ना काहीतरी?" आई म्हणाली. "नाही मिळायचं."

खून मुलानंच केले होते. तो नळजोडणीचं काम करायचा आणि एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचा. खोली रिकामी कर, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. शब्दानं शब्द वाढला आणि हातात होता तो पाना त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यात घातला. आवाजानं आतल्या खोलीतून म्हातारी धावत आली. तिथंच तो थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. तो थांबला नाही. गुन्हा शाबित झाला होता. आता फाशी की जन्मठेप एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याच प्रश्नावर वकीलबाईंची हयात गेली होती. कोर्टाच्या आवारात त्यांना पाठीमागे 'दोरीवाल्या बाई' म्हणत. त्या समोर आल्या की तीच माणसं घाईघाईनं चहा मागवत. वकीलबाईंना ते नाव ठाऊक होतं. एकदा त्यांनीच चहावाल्याला सांगितलं होतं, "दोरीवाल्या बाईंना साखर कमी."

मागच्या वर्षी त्यांचा एक अशील फासावर गेला होता. तेव्हापासून त्या असल्या विनोदांना हसत नसत, पण करत मात्र असत.

निघताना शेजारणीनं त्यांना कुंपणापाशी गाठलं. बाई गप्पिष्ट होती आणि तिला कुणीतरी विचारावं म्हणून ती कधीची वाट बघत असावी.

"हात बघितलात तिचा? उजवा? खांद्याच्या वर जातच नाही. चांगली दहा-बारा वर्षं झाली. ड्रायव्हरकाकांनीच उचलून गाडीत घातली, दवाखान्यात नेली. डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडली."

"मग?"

"मग काय?" शेजारणीनं त्या बैठ्या घराकडे हनुवटी उडवली. "जिना दाखवा बरं मला त्या घरात."

वकीलबाईंनी वळून पाहिलं. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, दाराला एकुलती एक पायरी.

*

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मुलगा नेहमीसारखाच जाळीपासून लांब बसला होता. तिशी ओलांडलेला, रुंद पंजांचा. बोलायचा कमी, आणि बोलला तरी टेबलाशी.

"तुझ्या आईला साक्षीला बोलावणार आहे."

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "नको."

"बाबा मारायचे तुला?"

"सगळ्यांचेच बाप मारतात."

"कशानं?"

"पट्ट्यानं." तो पुन्हा टेबलाकडे बघू लागला. "आईला नका बोलावू, मॅडम. मला काय व्हायचं ते होऊ दे. तिला त्या पिंजऱ्यात उभी करू नका."

वकीलबाईंना हे नवं नव्हतं. मारणाऱ्या बापाची अब्रू आईपेक्षाही मुलंच जास्त सांभाळतात, हे त्यांनी कितीतरी जाळ्यांच्या अलीकडून पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा त्या घरी गेल्या आणि आईला शब्द दिला: "तुम्ही फक्त उभ्या राहा. माझा मुलगा आहे, त्याला मारू नका, एवढंच म्हणा. तुमच्या नवऱ्याबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

*

पहिल्या बाकावर मेलेल्या जोडप्याची मुलगी बसली होती. सुनावणीच्या प्रत्येक दिवशी ती तिथंच बसे आणि आरोपीकडे एकदाही बघत नसे. आई साक्षीच्या पिंजऱ्यात चढली. तिचं बोलणं ठरल्याप्रमाणे झालं. मुलगा लहानपणी अबोल होता. कुत्र्याची पिल्लं घरी आणायचा. त्याला मारू नका.

सरकारी वकील उठले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो.

"आजी, तुमचे यजमान अॅम्ब्युलन्स चालवायचे. सगळी वस्ती त्यांना मानते. खरं ना?"

"खरं."

"घरात खायला-प्यायला होतं. मुलाला शिकवलं. कुणी त्याचा छळ केला नाही."

आईनं मान खाली घातली.

"म्हणजे इतकं चांगलं घर मिळूनही त्यानं हे केलं. असंच म्हणायचं ना?"

आईनं कठड्यावरचा डावा हात घट्ट केला. "मी मारायची त्याला," ती म्हणाली.

सरकारी वकील थबकले. न्यायाधीशांनी पेन उचललं.

"मी मारायची. लाटण्यानं, हाताला येईल त्यानं. उपाशी ठेवायची. माझ्यामुळे तो असा झाला. शिक्षा द्यायची तर मला द्या."

ते खोटं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांनाच कळलं. ऐन वेळी दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर ओढून घेणाऱ्या आया न्यायाधीशांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात. त्यांनी काही न लिहिता पेन पुन्हा खाली ठेवलं. ते पेन खाली जाताना वकीलबाईंना दिसलं. साक्ष वाया चालली होती. तिच्याबरोबर मुलगाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फेरतपासणीसाठी त्या उभ्या राहिल्या.

"मावशी, मारायचात ते कोणत्या हातानं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "उजव्या."

"जरा वर करून दाखवा."

"वकीलबाई..."

"कोर्टाला दाखवा."

हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. आईनं दुसऱ्या हातानं त्याला आधार द्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"हा हात मोडला तेव्हा दवाखान्यात जिन्यावरून पडल्याचं सांगितलं गेलं. तुमच्या घराला जिना आहे?"

"नाही."

"मग हात कुणी मोडला?"

आरोपीच्या जागी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुलगा उभा राहिला होता. इतक्या महिन्यांत तो कोर्टात आपणहून कधी उठला नव्हता. आईकडे बघून त्यानं मान हलवली. नाही. पोलिसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

आई मुलाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, मिटले. वकीलबाईंनी घाई केली नाही. अशा वेळी गप्प राहणं हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

"नवऱ्यानं," शेवटी आई म्हणाली.

"पोरावरही हात टाकायचे?"

"पट्ट्यानं मारायचे. हात... हात त्यांनीच मोडला." मग बांध फुटल्यासारखं तिनं सगळं सांगितलं: पोरगा कोपऱ्यात उभा असायचा, तो बघत असायचा, रात्र रात्र झोपायचा नाही. न्यायाधीशांचं पेन थांबत नव्हतं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा आरोपीकडे पाहिलं.

पिंजऱ्यातून उतरताना आई वकीलबाईंच्या अंगावरून गेली. थांबली नाही.

"शप्पथ घेतली होती तुम्ही," एवढंच म्हणाली.

*

जन्मठेप झाली. निकालात त्या हाताचा उल्लेख होता. लहानपणापासून डोळ्यांसमोर पाहिलेला हिंसाचार, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. आवारात दोन-चार वकिलांनी हात मिळवले. सरकारी वकीलही म्हणाले, "बाई, तो एक प्रश्न! तोच नडला आम्हाला." वकीलबाई त्या दिवशी घरी जाऊन दुपारीच झोपल्या, कितीतरी दिवसांनी गाढ.

मुलाला भेटायला त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यानं निकाल ऐकला होता. तो आज जाळीजवळ बसला होता.

"आई नाही आली?"

"येईल. थोडा वेळ जाऊ दे. माझ्यावर राग आहे तिचा, तुझ्यावर नाही."

"तुमच्यावर कशाला असेल?" तो म्हणाला. "तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"काय?"

तो टेबलाकडे बघत होता. रुंद पंजे एकमेकांत अडकवलेले.

"हात बाबांनी नाही मोडला. मी मोडला."

बाहेर कुठंतरी लोखंडी दार ओढल्याचा आवाज झाला.

"एकोणीस वर्षांचा होतो. रात्री कुठं होतास, एवढंच विचारलं होतं तिनं. दाराची आडवी पट्टी होती, ती घेऊन... एकच घाव घातला. बाबा ड्यूटीवरून आले. मला वाटलं, आज मारूनच टाकतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला उचललं, गाडीत घातलं. डॉक्टरनं विचारलं तर म्हणाले, जिन्यावरून पडली." तो थांबला. "त्यानंतर त्यांनी पट्ट्याला कधी हात लावला नाही. माझ्याशी बोललेही नाहीत फारसे."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"आईला बोलावू नका म्हटलं होतं मी."

"का बोलावू नको, ते नव्हतं सांगितलंस."

"तुम्ही दर वेळी बाबांचंच विचारायचात, मॅडम."

वकीलबाईंच्या डोळ्यांसमोर तो अडलेला हात आला आणि स्वतःचाच आवाज कानी पडला: मग हात कुणी मोडला? भर कोर्टात, न्यायाधीश पेन सरसावून बसलेले असताना. खरं उत्तर आलं असतं तर तिथंच दोरी पक्की झाली असती. एकोणिसाव्या वर्षी आईला, तिशीत म्हातारीला. सरकारी वकिलांना तोंडही उघडावं लागलं नसतं. आणि मुलगा उभा राहून नाही म्हणत होता, तेव्हा आई त्याच्या चेहऱ्यात बघत दोन माणसांतून एकाची निवड करत होती.

"मी उठलो होतो सांगायला," तो म्हणाला. "तिनं आधीच सांगून टाकलं."

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याची खूण केली. वकीलबाई उठल्या. हे त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. अशिलाचं गुपित वकिलाबरोबरच जातं. आणि गुपित नसतं, तरी सांगून कुणाच्या गळ्यात काय पडलं असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मॅडम." तो जाळीशी आला होता. "बाबांना ऐकू येतं सगळं."

*

गल्लीत शिरल्यापासूनच त्यांच्या लक्षात आलं. ड्रायव्हरकाकांच्या खिडकीवरून जाणारी माणसं मान वळवत नव्हती. पेपरात छापून आलं होतं. शेजारीण दारातच होती. "आम्ही इतकी वर्षं देवमाणूस समजत होतो," ती म्हणाली आणि थुंकली.

आईनं दार उघडलं. ती दारातून बाजूला झाली. वकीलबाई आत गेल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तेवढ्यावरूनच आईला कळलं.

"त्यानं सांगितलं तर," ती म्हणाली.

"मावशी, मी..."

"माझा पोरगा जिवंत आहे." तिनं भांड्यांची झाकणं सारखी केली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, सगळं डाव्या हातानं. "यांनी एकदा त्याच्यासाठी खोटं सांगितलं. मी यांच्यावर एकदा खोटं सांगितलं. मी यांना घरी येऊन सांगितलं सगळं, काय बोलले ते. पण मी सांगून काय? मी तर बायको. बाहेरच्या कुणीतरी सांगायला हवं."

पलंगावरचा माणूस वकीलबाईंकडे बघत होता. नजर शाबूत होती. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं. खिडकी आतून लावून घेतलेली होती.

वकीलबाईंनी कितीतरी न्यायाधीशांपुढे तोंड उघडलं होतं. काय बोलायचं हे त्यांना कधी आधी शोधावं लागलं नव्हतं. त्यांनी स्टूल उचललं, पलंगाच्या अगदी जवळ नेलं आणि त्याला आपलं तोंड नीट दिसेल असं मांडलं. मग त्या बसल्या.

"काका," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द सापडेपर्यंत तो माणूस, पापणीही न हलवता, त्यांची वाट बघत राहिला.