फुकटाचं वजन

गेले तीन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर सरकार चालत होतं. सरकार म्हणजे आमचे हे. कंपनी म्हणजे आमचे जावई. आणि जनता म्हणजे मी. त्यामुळे चहा करणं, कप उचलणं आणि कोणी न विचारता मत देणं ही कामं माझ्याकडे.

जावई ज्या कंपनीत आहेत तिचं नाव सांगायची गरज नाही. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या माणसाचं बोट ज्या बटणावर जातं, ते बटण त्यांचं. रस्ता तेच दाखवतात, सामान तेच आणून देतात, भाचीच्या बाळाचे फोटोही तेच पोचवतात, आणि एवढं करून वर एक पैसा मागत नाहीत. अशा कंपन्यांना वेसण घालावी असं सरकारच्या मनात आलं होतं. कायद्याचा मसुदा तयार होता. त्यावर एक समिती सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेणार होती आणि कंपनीची बाजू मांडायला गुरुवारी आमचे जावई उभे राहणार होते, तेही पहिल्यांदाच. सराव कोणाबरोबर करायचा, हा प्रश्नच नव्हता. निवृत्त सरकारी माणूस घरात बसून असताना बाहेर कशाला शोधायचा?

हे चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. अजूनही भाजी घ्यायला गेले की आधी काटा बघतात, मग भाजी. तोवर चांगली भाजी दुसऱ्याने नेलेली असते. ताटलीखाली चिकटवलेलं लोहचुंबक, मुद्दाम ओला ठेवलेला हात, सगळं यांना दहा पावलांवरून कळतं. घरात मात्र चष्मा डोक्यावर असताना अर्धा तास शोधतात.

आता खरं दुखणं सांगते. जावयांच्या साहेबांनी त्यांना शब्द दिला होता की गुरुवार नीट पार पडला तर मुख्य कचेरीत बदली. मुख्य कचेरी समुद्रापलीकडे. तीन वर्षं म्हणायची, पण अशी तीन वर्षं कोणाची कधी तीनच राहिली आहेत? म्हणजे लेक जाणार आणि भिंगरीही जाणार. भिंगरी म्हणजे आमची नात, पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. मला हे मुळीच नको होतं.  आणि तोंडाने मी काय म्हणत होते? "जा गं, अशी संधी पुन्हा येत नाही." शेजारणीला तर मी त्या कचेरीला बावीस मजले आहेत असंही सांगून बसले होते. किती आहेत मला काय ठाऊक!

आणि हे तर जावयांना असे तयार करत होते की बस्स.

"आमची स्वतःची देखरेख समिती आहे," जावई म्हणायचे.

"उंदराला मांजर साक्ष," हे म्हणायचे. "मला काट्याखाली काय आहे ते बघू द्या."

"ते आमचं व्यापारी गुपित आहे, बाबा. उद्या दुसरा कोणी उचलेल."

"मी कुठल्याही वाण्याला विचारलं नाही की माल कुठून आणतोस आणि सुटतं किती. ते त्याचं गुपित. किलोचा किलो आहे ना, एवढंच बघत होतो. माणसाने काही शोधलं की तुम्ही यादीत एकाला वर घालता, एकाला खाली. कशावरून घालता, तेवढं माझ्या माणसाला बघू द्या."

पहिल्या रविवारी जावई इथेच अडकले. दुसऱ्या रविवारी येताना उत्तर घेऊन आले. "कायदा व्हायला चार वर्षं लागतात. तोवर आमची वस्तू दहा वेळा बदललेली असते. हे तर वरातीमागून घोडं झालं."

हे हसले. "खरं आहे. इलेक्ट्रॉनिक काटे दुकानोदुकानी पोचले तेव्हा आम्हाला स्प्रिंगच्या काट्यांचे नियम छापून आले होते. हा मुद्दा चांगला आहे, सोडू नका."

"आणि निरीक्षकच लाच खायला लागला तर? कुंपणानेच शेत खाल्लं तर?"

"खायचे की. दोघांना मीच पकडून दिलं. पण म्हणून कुंपणच नको म्हणाल, तर गुरं तुमचे आभार मानतील."

"आणखी एक, बाबा. एवढे नियम पाळायला पन्नास वकील लागतात. आम्हाला ते परवडतात. कालपरवा सुरू झालेल्या छोट्या कंपनीला परवडतील का? कायदा आमच्यासाठी आणि मरण त्यांचं."

यावर हे उठून उभे राहिले आणि त्यांनी जावयांच्या पाठीवर थाप मारली. सरकारने कंपनीच्या पाठीवर थाप मारलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्या थापेसरशी माझी लेक आणखी हजार मैल लांब गेली असं मला वाटलं, आणि मी चहात साखर घालायची विसरले.

एकच मुद्दा असा होता की तिथे यांची बोलती बंद व्हायची. जावई म्हणायचे, "आमची सेवा फुकट आहे, बाबा. उलट लोकांना जास्तच मिळतं. मग नुकसान कोणाचं?" हे खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "पुढचा मुद्दा घ्या." तिन्ही रविवारी हेच. जावयांना वाटलं हा आपला हुकमाचा पत्ता. त्यांनी भाषणात तो शेवटी ठेवला.

हे मूग गिळून का बसतात, हे जगात फक्त मला माहीत होतं.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, किराणामालाचं दुकान होतं. समोर एका बाईंचं तसंच दुकान, नवऱ्यामागे एकटीने चालवलेलं. आणि अण्णांची ख्याती अशी की यांचा हात सढळ. किलो म्हटलं की किलोच्या वर चार दाणे. रांग लागायची. समोरच्या बाई दारात उभ्या राहून रांग बघायच्या. आता लोखंडी वजनाच्या तळाशी एक खोबण असते. तिच्यात शिसं भरून वर खात्याचा ठसा मारतात. लबाड दुकानदार ते शिसं कोरून काढतो, म्हणजे माल कमी द्यावा लागतो. अण्णांनी उलटं केलं होतं, शिसं जास्त भरलं होतं. किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त. का, तर जेवताना ते आईला सांगायचे, "समोरचं शटर एकदा पडू दे. मग भाव आपला." मी तेव्हा बावीस वर्षांची होते, गल्ल्यामागे उभी असायचे. ते वजन माझ्याच हाताने पारड्यात जायचं.

एके दिवशी पिशवी घेऊन एक तरुण आला, एक किलो साखर घेऊन गेला आणि दहा मिनिटांत पितळी वजनांची पेटी घेऊन परत आला. तेच हे. यांनी वजन जप्त केलं तेव्हा रांगेतली माणसं यांच्याच अंगावर धावली. एका आजोबांनी तर छत्री उगारली. "अहो, तो जास्त देतोय, कमी नाही!" अण्णाही छाती काढून म्हणाले, "साहेब, नुकसान कोणाचं झालं ते सांगा." यांनी समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "आज त्यांचं. आणि त्या गेल्या की या रांगेतल्या सगळ्यांचं." अण्णा खाली बसले. मी गल्ल्यामागे मान खाली घालून उभी होते आणि तरीही, खोटं कशाला बोलू, मला तो माणूस आवडला.

जप्ती एकदाच करायची असते. हे तीनदा आले. पुढचं सांगायला नको. अण्णांनी लग्नाला होकार दिला, पण अट घातली: ही गोष्ट पुन्हा तुमच्या तोंडून निघता कामा नये. अण्णांना जाऊन अठरा वर्षं झाली, लग्नाला एकेचाळीस. यांनी शब्द पाळला, पोटच्या मुलीलाही सांगितलं नाही.

समितीत कोणीतरी हा मुद्दा पकडणार हे मला कळत होतं. मला कळतं तर त्यांना कळणार नाही का? जावई ऐटीत "नुकसान कोणाचं?" म्हणणार आणि समोरून कोणीतरी बोट दाखवणार. मग कसली बदली न् कसलं काय! मी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प बसले की लेक इथे, नात इथे. अण्णांचीच मुलगी मी; मनात असा हिशेब येणारच.

तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर जावई कप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि नको म्हटलं तरी विसळायला लागले.

"आई, एक विचारू? त्या एका मुद्द्यावर बाबा गप्प का होतात? त्यांच्याकडे उत्तर आहे. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मला वाईट वाटू नये म्हणून गिळतात का?"

"छे, तसं काही नाही."

"झोप येत नाही मला," ते हळूच म्हणाले. "जे बोलणार आहे त्यात कुठेतरी भोक आहे आणि मला ते सापडत नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत साबण. हा माणूस माझ्या लेकीला कधी वर आवाज करून बोलला नाही. याला सगळ्यांसमोर तोंडघशी पडू द्यायचं आणि मी घरात बसून बघायचं? मला माझीच लाज वाटली. मी नळ बंद केला आणि साखरेपासून छत्रीपर्यंत सगळं सांगितलं. शपथ यांनी घेतली होती, मी नाही.

 त्यांनी एकच कप तीनदा पुसला.

गुरुवारी सुनावणी टीव्हीवर दाखवणार होते. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, जणू समितीला हे दिसणार होते. जावयांनी सुरुवात झकास केली. वरातीमागून घोडं आलं, पन्नास वकील आले. हे प्रत्येक मुद्द्याला मांडीवर हात मारत होते. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही सगळं फुकट देता. यात नुकसान कोणाचंच नाही, असं तुमचं लेखी म्हणणं आहे. ते कायम आहे का?"

जावयांनी कागद खाली ठेवला.

"कागदावर तेच आहे, बाई. तीन आठवडे मी त्याचाच सराव केलाय. पण आमच्या घरात एक दुकान होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी गोष्ट सांगितली. अण्णांचं नाव घेतलं नाही, यांचंही नाही. शेवटी म्हणाले, "मसुद्यातली अकरा कलमं वाईट आहेत. का ते मी सांगितलं आणि त्यावर मी ठाम आहे. पण तुमच्या माणसाला वजन तपासू देणार नाही, असं मला म्हणता येत नाही. तेवढं कंपनीने करायलाच हवं."

यांनी माझ्याकडे मान वळवली. "सांगितलंस?"

"सांगितलं."

यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "बरं केलंस. जड झालं होतं." आणि रुमाल शोधायला लागले. तो मी दिला.

मला वाटलं, संपलं. आता कंपनी जावयांना नारळ देते की काय! जिवाला घोर लागला आणि त्या घोराच्या तळाशी, कबूल करते, थोडा आनंदही होता. पण शुक्रवारी सकाळी लेकीचा फोन आला. साहेब चिडले नव्हते. उलट समितीने पहिल्यांदाच कंपनीतल्या कोणाचं तरी बोलणं मन लावून ऐकलं, म्हणून खूश होते. बदलीचं पत्र आलं होतं.

मी "वा!" म्हणाले. फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिले. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता, तोही नेम धरून.

रविवारी चौघांचं जेवण नेहमीसारखंच वाढलं. भिंगरी टेबलाखाली काहीतरी घर करून बसली होती. कोणी वाद घालत नव्हतं, आणि त्या शांततेत चमचे फार वाजत होते. हे म्हणाले, "तिकडे थंडी असेल." लेक म्हणाली, "असेल." जावई पाण्याचा पेला फिरवत होते.

मी म्हणणार होते, गरम कपडे घेऊन टाका. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मला तुम्ही जायला नको आहात," मी म्हणाले. "तीन आठवडे खोटं बोलतेय मी. संधीबिंधी असेल ती असो. मला ही पोर इथे माझ्या पायात पायात हवी आहे. आणि तू पण. आणि तुम्ही पण." शेवटचं जावयांकडे बघून म्हणाले आणि मग मला रडूच आलं. सासूने जावयासमोर असं रडू नये, पण रडले.

लेकीने जावयांकडे पाहिलं. जावयांनी पेला खाली ठेवला.

"आई, मी शुक्रवारी दुपारीच बदली नको म्हणून कळवलंय," ते म्हणाले. "तपासणीच्या माणसांना आमची आतली यंत्रणा दाखवायची, असं एक काम इथेच निघतंय. ते मागून घेतलं. हुद्दा लहान आहे. दोन दिवस तुम्हाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. तुमची केवढी हौस होती."

"हौस?" मी म्हणाले.

"शेजारच्या काकू मघाशीच म्हणाल्या, बावीस मजले आहेत म्हणे."

यांना हसू आवरेना. लेकीला मात्र हसू आलं नाही. ती उठून माझ्या खुर्चीजवळ आली. "तू रोज जा, जा म्हणायचीस," ती म्हणाली. "मी त्याला रात्री विचारायचे, आईला आपलं एवढं ओझं होतं का रे?"

मी तिला जवळ ओढलं. एवढी मोठी बाई, पण मांडीवर मावली. जावई उठून कप गोळा करायला लागले होते. त्यांचं मनगट धरून मी म्हटलं, "राहू दे ते. बस इथे, बाळा."

ते बसले.