गळ्यात हाय ना?

आमच्या घरात अमेरिकेची काळजी करायचं काम ह्यांच्याकडे आहे. सिरसाळ्याच्या बाजारात पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी घ्यायची आठवण मला करून द्यावी लागते. पण तिकडच्या कुठल्या कंपनीनं किती माणसं काढली, कुठलं जंगल पेटलंय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, मग मोबाइलवर अमेरिका आणि मग चहा. चहा निवला की पुन्हा माझ्याच नावानं ओरडायचं.

ह्याला कारण आहे आणि त्याचं नाव रुद्रेश. आमचा एकुलता मुलगा. कॅलिफोर्नियात एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून शिवानी, आणि नात रुचिका तिकडचीच जन्मलेली. तो गेला तेव्हा ह्यांनी सगळ्या बाजारात पेढे वाटलते. तेव्हा अमेरिका म्हणजे ह्यांना इंद्राची नगरी. आता त्याच नगरीचं रोज सुतक.

दुकानात बसायला मोहनराव येतात. मोठे शेतकरी, एकेकाळचे सरपंच, येतात मोटारीचा एखादा वॉशर न्यायला आणि उठतात जेवायच्या वेळेला. दिवाळीत तिकडचं सरकार बंद पडलं तेव्हा ह्यांनी ती बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. मोहनराव म्हणाले, "बंद पडलं म्हंजी? चालू हाय हे तरी कसं कळायचं माणसाला?" दुकानात हशा पिकला. हे हसले नाहीत. म्हणाले, तुमचं सरकार बंद पडलं तर तुम्ही मोटार चालू करून शेतात जाता, माझं पोरगं तिथं व्हिसाच्या कागदावर राहतंय. नोकरी गेली तर देश सोडायला दोनच महिने मिळतात, हे ह्यांना पाठ होतं.

त्याहून मोठा धसका ह्यांनी विम्याचा घेतला. रुद्रेशनं डोंगराच्या उतारावर घर घेतलं होतं. गेल्या वर्षी विमा कंपनीनं कळवलं की तुमच्या भागात आगीची भीती फार, पुढच्या वर्षीपासून आम्ही विमा उतरवणार नाही. पोरानं हे सहज सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. ह्यांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसले. विमा कंपन्या कशा असतात ते बीड जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. द्यायच्या वेळी त्या तोंड लपवतात, हे ठीक. पण घ्यायच्या वेळी? "हप्ताच नको म्हणती ती," हे मला म्हणाले. "म्हंजी तिला दिसलंय काय तरी."

मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. मन चिंती ते वैरी न चिंती. मला खरंच तसं वाटायचं. इथं उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, बीडला क्लास लावून शिकलेली पोरं गावात बुलेटवर फिरतात, आणि हे काळजी करणार कॅलिफोर्नियाची.

दर फोनला हे त्याला परत ये म्हणायचे. तो एकदाच म्हणाला, "येतो अप्पा, पण येऊन करू काय?"  दुकान सांभाळ म्हणायचं तर दुकानात दोघांचं पोट भरत नाही, आणि हे तर ह्यांनाच जास्त ठाऊक.

मग सगळं बोलून झालं की फोनच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला. "लिंग गळ्यात हाय ना?" तो म्हणायचा, व्हय अप्पा. की फोन बंद.

आम्ही लिंगायत. लहानपणी स्वामी येऊन छोट्या डबीतलं लिंग गळ्यात बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही. आजकाल कोण एवढं पाळतं? मी पाळते तेही ह्यांच्या भीतीनं. पण हे पाळतात. रुद्रेश दुसरीत होता तेव्हा आमच्या विहिरीत पोहताना ह्यांच्या गळ्यातला दोरा तुटला आणि डबीसकट लिंग तळाला गेलं. गाळ उपसला, सापडलं नाही. लिंग अंगावर नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही असा नियम, आणि आमचे स्वामी तेव्हा गेलते कर्नाटकात. ते परत येईपर्यंत हा माणूस ओसरीत खांबाला टेकून बसून राहिला, पाण्याचा थेंब घेतला नाही. जीभ सुजली होती. पोरगं शाळा सोडून शेजारी बसलेलं. मी ओरडले, रडले, शेजारपाजारचे सांगून गेले. स्वामी आले, नवं लिंग बांधलं, तेव्हा कुठं घोटभर पाणी प्याले. त्या वेळी मला ह्यांचा आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सकाळी मी उरलेल्या गूळपोळ्या तव्यावर गरम करत होते. हे पूजा करून उठले आणि रुद्रेशचा फोन आला. तिकडं संध्याकाळ. आवाजावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

डोंगरापलीकडं दुपारी आग लागली होती. वारा फिरला आणि ती अलीकडं आली. पोलिसांनी गल्लीतून गाडी फिरवून घरं सोडायला सांगितलं. हातात आलं ते घेऊन निघाले. कागदपत्रं, लॅपटॉप, रुचिकाची बाहुली. शिवानी आणि रुचिका एका शाळेत आहेत, तिथं सगळ्यांची सोय केलीय, आणि तो बाहेर गाडीत बसून बोलतोय. आगीचे बंब आले होते, पण उताराच्या वरच्या घरांपर्यंत नळाला जोरच नव्हता, पाणी चढेना.

"जोर न्हाई?" हे म्हणाले. "टाकी किती उंचावर हाय त्यांची?"

मी कपाळावर हात मारला. पोराच्या घराला आग लागायची वेळ आलीय आणि बाप टाकीची उंची विचारतो. पण मला माहीत होतं, घाबरले की हे दुकानातलं बोलतात. पोरगं म्हणालं, माहीत नाही अप्पा. मी फोन तोंडाजवळ घेऊन विचारलं, खाल्लं का काही, धूर किती आहे, पोरीला खोकला नाही ना. तो म्हणाला, सगळे ठीक आहोत, ठेवतो आता.

आणि ह्यांच्या तोंडून सवयीनं गेलं. "लिंग गळ्यात हाय ना?"

तो मग म्हणाला, "न्हाई, अप्पा. देवघरात राहिलं."

  तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी मी हलले नाही.

"मी घेऊन येतो," तो म्हणाला. "मागचा रस्ता अजून चालू हाय. लोक जाऊन सामान आणायलेत. दहा मिनटं लागतील."

मी ओरडले, काही जायचं नाही. हेही म्हणाले, जाऊ नको, राहू दे. पण ह्यांचं ते राहू दे कसं ऐकू आलं असेल ते मला विचारा. ज्या पोरानं बापाला खांबाला टेकून जीभ सुजवून घेताना पाहिलंय, त्याला बापाच्या राहू देचा अर्थ काय लागणार? तो म्हणाला, "आई, मला म्हाईत हाय अप्पांचं. तू काळजी करू नको." गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.  मी ह्यांचा दंड धरला आणि हलवला. काहीतरी करा, एवढंच मला म्हणायचं होतं.

"रुद्रेश, गाडी थांबव," हे म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात. "तुझं लिंग हितं हाय. माझ्यापाशी."

"काय?"

"मागल्या खेपेला आलतास तवा तुझ्या डबीची कडी मोडली म्हणून सोनाराकडं दिलती का न्हाई? तवा मी लिंग काढून ठेवलतं. परत घालायचं राहून गेलं. तू नेली ती रिकामी डबी. तुला सांगायला जीभ रेटली न्हाई माझी, म्हणून गप बसलो. आता रिकाम्या डबीसाठी जाऊ नको."

सोनाराचं खरं होतं. बाकी सगळं खोटं. डबी दुरुस्त होऊन आली तेव्हा ह्यांनी स्वतःच्या हातानं लिंग आत ठेवलं, नवा दोरा ओवला आणि पोराच्या गळ्यात घातलं, ते मी समोर उभी राहून पाहिलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस लिंगाच्या बाबतीत खोटं बोलेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"खरं का, अप्पा?"

ह्यांचा हात सदऱ्यावरून स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर गेला आणि तिथंच राहिला. "व्हय," हे म्हणाले.

गाडी बंद झाल्याचं ऐकू आलं. मग पोरगं म्हणालं, "बरं झालं, अप्पा." आणि मला वाटतं ते रडत होतं. मी तर रडतच होते.

हे दुकानात गेले. मी म्हटलं, आज राहू द्या, तरी गेले. दुपारी शिवानीचा मेसेज आला, त्यांची सगळी गल्ली जळाली. मागच्या रस्त्यानं सामान आणायला गेलेली दोन माणसं अजून सापडली नव्हती. मी तो मेसेज ह्यांना दाखवायला दुकानात गेले, तर मोहनराव बसलेले. त्यांनीही कुठूनतरी ऐकलं होतं. ते मनापासून म्हणाले, "रुद्रप्पा, तुमी म्हणत होता ते खरं निघालं राव. आमी उगंच हसायचो." दुसरी वेळ असती तर ह्यांनी त्यांना संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं. आज ह्यांनी त्यांना वॉशर दिला आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

घरी येऊन मी ताट वाढलं. ह्यांनी ते बाजूला सारलं. पाणीही घेतलं नाही. मला कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुमचं लिंग तुमच्या गळ्यात आहे, हरवलं ते पोराचं. आणि पोरगं तिकडं शाळेत पाव खाऊन झोपलंय.

"त्याला म्हाईत न्हाई हरवलं ते," हे म्हणाले. "मला म्हाईत हाय."

 मी समोर बसले. सकाळपासून एक गोष्ट मला टोचत होती, ती विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "त्यानं ती डबी एकदा जरी उघडली असती, तर तुमचं खोटं तिथंच पडलं असतं. मग?"

"न्हाई उघडत त्यो."

"तुमाला कसं म्हाईत?"

"कवाचं म्हाईत हाय. पूजा न्हाई, काय न्हाई. गळ्यात तरी कुठं असतंय?"

"मग दर फोनला इचारायचे कावून?"

 भाकरी गार झाली होती. "त्यो व्हय म्हणायचा," हे म्हणाले. "तेवढंच बरं वाटायचं." आणि मग, डोळे न पुसताच, "लई बरं झालं नीला, पूजा करीत नव्हता ते."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी मला नुसतं नीला म्हटलेलं मला आठवत नाही. मी दोन्ही ताटं झाकून ठेवली, माझंही. मग स्वामींना फोन लावला, आणि पोरासाठी एक नवं लिंग घेऊन आजच्या आज सिरसाळ्याला या म्हणून सांगितलं.