खंडेनवमीचा दोर

बारामतीच्या शाळेत मी शिकवायचो आणि सुट्टीत चार-पाच जणांना घेऊन सुळके चढायचो. याद्या करण्याचं मला वेड. पाणी किती, परत फिरायची वेळ कोणती, कुणी घसरला तर जवळचं गाव कुठलं, सगळं कागदावर. पोरं हसायची. कळस गावचा सिद्धू तर तोंडावर म्हणायचा, "मास्तर, तुमी जेवताना घास बी मोजत असाल."

पण आमच्यात सगळ्यात चांगला चढायचा तोच. म्हणून पुढं कायम तो असायचा आणि त्याच्या दोराचं टोक माझ्या हातात.

माझ्या खोलीत उंदीर फार, म्हणून दोन्ही दोर सिद्धूच्या घरी ठेवले होते. पूर्वी मेंढरं राखणारं ते घर आता शेती करत होतं. ट्रॅक्टरची शेड कोरडी होती. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात आम्ही घाटावरच्या एका अवघड सुळक्याला गेलो. सिद्धूनं लाल दोर तेवढा आणला होता. पायथ्याशी मी तो हात-हात बोटांतून सरकवून तपासला. मधेच वीतभर कडक लागला. पिवळा डागही होता.

"हे काय रे?"

"हळद हाय. खंडेनवमीला आईनं पूजा केली. आवजारांत दोर बी आलाच की."

माझाच नियम होता, दोर कडक लागला की बाद. पण बाद केला असता तर चढाईच रद्द झाली असती, आणि त्या एका दिवसासाठी आम्ही वर्षभर थांबलो होतो. मी म्हणालो, "चला, देवाचा दोर, आता कसली भीती!" सगळे हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

साडेदहाला सिद्धूचा पाय निसटला. पडणं फार नव्हतं, चांगल्या दोरानं सहज झेललं असतं. माझ्या हाताला नुसता हिसका बसला आणि दोर एकदम हलका झाला.

दगडाच्या धारेवर कापला, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून बसलो.

सिद्धूच्या तेराव्याला कळसला गेलो. त्याची आई, बानूबाई, शेडच्या तोंडाशी बसली होती. तिनं विचारलं, "दोर कशानं तुटला ओ, मास्तर? मी तर हळद-कुंकू वाहिलं हुतं."

"दगडाच्या धारेनं," मी म्हणालो. तेवढ्यात माझी नजर आत गेली. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी भिंतीशी होती, कुंकू लावलेली, आणि तिच्यावर आमचा निळा दोर वेटोळं करून ठेवलेला.

"हा इथंच होता?" मी विचारलं.

"दोनी हितंच हुते. भुईवर कसं ठेवायचं देवाचं? नवमीपासनं हलवलं न्हाय. लाल तेवढा सिद्धूनं नेला."

 बॅटरीच्या पाण्यात आम्ल असतं, त्यानं दोर आतून जळतो. माझ्या यादीतला सातवा नियमच तो. ती यादी मी पोरांना तोंडपाठ करायला लावली होती. या घरात मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

आता सांगून काय उपयोग, असं मी मनाशी म्हटलं. म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात हे कशाला बांधायचं? गप्प राहायचं मी ठरवलं होतं, आणि त्यात मला स्वतःचा मोठेपणाही वाटत होता.

इतक्यात सिद्धूचा धाकटा भाऊ बिरू आत गेला आणि निळा दोर खांद्यावर टाकून बाहेर आला. "मास्तर, दादाचं राहिलंय ते मी पुरं करनार. तुमी न्हाय आला तर एकटा जाईन."

मी त्याच्या खांद्यावरचा दोर ओढला. पिवळा भाग शोधला, दोन्ही हातांत धरला आणि हिसका दिला. दोर जुन्या नाडीसारखा तुटला. 

मग मी सगळं सांगितलं. बॅटरीचं, यादीचं, पायथ्याशी बोटांना लागलेल्या त्या कडक वितीचंही.

बानूबाईनं बॅटरीवरच्या कुंकवाकडं पाहिलं.  मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मला ठावं नव्हतं, मास्तर. तुमाला हुतं."