पुढच्या सीटचा मान

मुलीच्या बापाने तोंड उघडायचं नसतं, हे गोटीरामला शिकवावं लागलं नव्हतं. साखरपुड्याच्या दिवशी भर मांडवात त्याने हात जोडून सांगितलं होतं, "काय चुकलं-माकलं तं पदरात घ्या." चुकलं काहीच नव्हतं. जेवण तर असं झालं होतं की पाहुणे दुपारी ओट्यावरच आडवे झाले. पण म्हणायचं असतं, म्हणून म्हणाला.

पंच्याऐंशी सालची होळी नुकतीच होऊन गेली होती. गोटीरामच्या एकुलत्या एक मुलीचं, गोजराचं लग्न वैशाखात धरलं होतं आणि आज बस्ता बांधायला दोन्ही घरची माणसं ठाण्याला निघाली होती. नवरामुलगा शिवा स्वतः जीप घेऊन शिरवण्याला आला. नवी कोरी जीप! बापाची जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली, तिच्या पैशातून घेतलेली. गोटीरामचीही जमीन गेली होती, पण त्याच्या पैशाचं घर झालं आणि उरलेलं दुखण्याखुपण्यात गेलं. असो.

शिवाचे वडील भगवान आणि आई मालतीबाई मागच्या बाकावर आधीच बसले होते. गोटीरामची बायको रखमा आणि गोजरा त्यांच्यासमोर बसल्या. गोटीराम मागेच चढत होता, तोच भगवानने आपल्या व्याह्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

"अहो इवाय, तुमी मागं? लोक काय बोलतील! तुमचा मान पुढचा."

गोटीराम लाजला. मनातून मात्र सुखावला. सोयरे असावेत तर असे! त्याने टोपी नीट केली आणि जावयाच्या शेजारी बसला. गावातले चार जण बघत होते, तेही त्याला बरं वाटलं.

हे बरं वाटणं तुर्भ्यापर्यंतही टिकलं नाही.

शिवाला पुढे कुणी असलेलं खपत नव्हतं. म्हणजे अजिबात नाही! समोर कंपनीची बस असो, टेम्पो असो, तो जीप नेऊन मागे अशी चिकटवायचा की गोटीरामला पुढच्या गाडीच्या मागच्या फळीवरचे खिळे दिसायचे. मग हॉर्न. हॉर्नवरचा हात उचलायचाच नाही. समोरच्याने साइड दिली की त्याच्या अंगावर गाडी घालून कट मारायचा आणि आरशात बघून हसायचा. आरसासुद्धा त्याने असा वळवला होता की त्यात मागचा रस्ता कमी आणि गोजरा जास्त दिसत होती.

"आमच्या शिवाला मागं राहायची सवयच नाय," मागून मालतीबाई म्हणाल्या.

"हो ना," रखमा म्हणाली. तिचा आवाज कसातरीच आला.

गोटीरामचा उजवा पाय केव्हापासून जीपच्या पत्र्यावर दाबलेला होता. तिथे ब्रेक नव्हता हे त्याला कळत होतं, पण पायाला कोण सांगणार? एका हाताने त्याने सीटची कड धरली होती आणि दुसरा हात मांडीवर साधासुधा ठेवला होता, कारण दोन्ही हातांनी धरलं तर जावयाला वाईट दिसलं असतं. काय माणूस! जीव जायची वेळ आली तरी ह्याला दिसण्याची काळजी.

कोपरखैरण्याच्या पुढे सायकलवरून पाळीला निघालेला एक कामगार होता. डबा हँडलला लटकवून, कडेकडेनेच चालला होता बिचारा. रस्ता मोकळा असूनही शिवाने जीप त्याच्या मागे घातली आणि हॉर्न दाबला. तो माणूस दचकला, सायकल डगमगली आणि थेट खड्ड्यात उतरली.

"पडला!" मागून गोजरा ओरडली.

"उठंल तो," शिवा म्हणाला.

गोटीराम वळून बघत राहिला. धुळीत तो माणूस उभा राहिलेला दिसला, तेव्हा कुठे त्याला श्वास आला. आता बोलायलाच पाहिजे, असं त्याने ठरवलं. तोंडही उघडलं. पण काय बोलणार? हळू चालवा? अजून लग्न व्हायचंय, बस्ता व्हायचाय, आणि मुलीचा बाप जावयाला अक्कल शिकवतो? उद्या त्याचा राग गोजरावर निघाला तर? त्याने उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

मग त्याला एक युक्ती सुचली.

"जावयबापू, जरा बाजूला घ्याल का? मना लघवीला लागली."

"आता ठान्यालाच उतरू ना मामा! धा मिनिटं दाबून धरा." शिवा खो खो हसला. मागे भगवानही हसला. गोटीरामलाही हसावं लागलं. आपल्याच मुलीसमोर, होणाऱ्या विहिणीसमोर. त्याच्या कानशिलांना आग लागली.

दिघ्याच्या अलीकडे सळयांचा ट्रक आडवा आला. आडवा कसला, आपल्या वाटेने चालला होता. लोखंडी सळया ट्रकच्या फळीबाहेर चांगल्या पुरुषभर लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं होतं. शहाणा माणूस ते फडकं बघून लांब राहतो. शिवा त्या सळयांच्या खाली शिरायला निघाल्यासारखा जवळ गेला.

समोरून टँकरामागून टँकर येत होते. ट्रकवाल्याला साइड द्यायला जागाच नव्हती. डाव्या बाजूला गटाराचं काम काढलेलं. शिवा हॉर्न मारतोय, शिव्या देतोय, आणि सळयांची टोकं गोटीरामच्या छातीसमोर वरखाली नाचतायत. फडकं काचेसमोर फडफडत होतं. गोटीरामला आता देव आठवेना, बायको आठवेना. फक्त मागे गोजरा आहे एवढं त्याच्या डोक्यात होतं. ह्या सळया आपल्यातून आरपार गेल्या तर मागे तीच बसली आहे. त्याने हळूच अंग सरकवून काचेच्या मध्ये आणलं. त्याचा काही उपयोग नव्हता, तरी आणलं.

आणि ट्रकने ब्रेक मारला.

जीप करकचून थांबली. मागची चौघं एकमेकांवर आदळली, रखमाच्या पिशवीचा बंद तुटून नारळ पुढे घरंगळला. गोटीरामने डोळे उघडले, तेव्हा सळईचं टोक काचेपासून चार बोटांवर होतं. त्याच्या तोंडासमोर. त्या टोकाला गंज चढला होता.

पहिला आवाज भगवानचा आला. "बघितलात इवाय? ब्रेक कसा हाय आमच्या गाडीचा!"

शिवा उतरला. पुढे जाऊन त्याने ट्रकवाल्याला दार उघडून खाली ओढलं. पन्नाशीचा माणूस होता तो, पुढे म्हैस आली म्हणून थांबला होता. हात जोडून तो काहीतरी सांगत होता. शिवाने त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. मग रुमालाने हात पुसत परत आला, सीटवर बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "मामा, लागलं नाय ना कुठं?"

"नाय," गोटीराम म्हणाला.

ठाण्यात शिवा जीप लावायला गेला, बायका दुकानात शिरल्या. रसवंतीपाशी भगवानने गोटीरामच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला. तो घेताना गोटीरामने रस मनगटावर सांडला. भगवानने ते पाहिलं. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"घाबरलात ना? वाईट वाटून घेऊ नका, इवाय. आमच्या घरातलं कोनीच बसत नाय त्याच्या बाजूला. मालतीनं तं देवाची शपथ घेतलीय. मी पन बसत नाय, खोटं कशाला बोलू."

गोटीराम त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणजे सकाळचा तो मान? दंडाला धरून, लोक काय बोलतील म्हणत बसवलं ते?

"तुमी बाप हाय त्याचे. बोलत नाय त्याला?"

"बोलून बघितलं एकदा." भगवानने रसाच्या ग्लासात बघितलं. "नको ते. आता लगीन होतंय ना. गोजरा बसंल त्याच्या बाजूला. बायको शेजारी आली का मानूस निवतो."

एवढं बोलून तो रस पिऊन मोकळा झाला. गोटीरामने आपला ग्लास तसाच भरलेला परत ठेवला.

दुकानात पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. जीप लावून आलेला शिवा गादीच्या कडेला बसला होता. गोजराच्या खांद्यावर नोकराने डाळिंबी रंगाचा शालू टाकला होता. पोर सुंदर दिसत होती, पण मान खाली घालून बसली होती. मालतीबाईंनी शालू पसंत केला. दुकानदाराने तबक आणलं. शालूला हळदकुंकू लागलं की मग माघार नाही, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रखमाने कुंकवात बोट बुडवलं.

"थांब," गोटीराम म्हणाला.

रखमाचं बोट हवेतच राहिलं.

"शालू नको. बस्ता नको. आमाला हे लगीन करायचं नाय."

दुकानात कात्रीचा आवाज येत होता तोही बंद झाला. भगवानचं तोंड उघडंच पडलं. "अहो, मानपानात काय कमी पडलं का?"

"मानपान भरपूर झाला." गोटीरामने खांबाला हात लावला. "मना भीती वाटली. मी साठीचा बाप्या, खाडीत होडी घालनारा. मना त्या गाडीत रडू येत होतं. माझी पोर तिथं जन्मभर नाय बसनार."

"भीती कसली, मामा?" शिवा हसत उठला. "ब्रेक लागला ना?"

"आज लागला."

शिवाचं हसू गेलं. तो पुढे आला आणि त्याने गोटीरामचं मनगट धरलं. जोरात. गोटीराम समजून चुकला की आता चार लोकांत आपल्याही थोबाडीत बसणार. त्याने डोळे मिटले नाहीत. दुकानदार मध्ये पडला, "शेठ, शेठ, बायामाणसं आहेत," म्हणत त्याने शिवाचा हात सोडवला.

"साखरपुडा मोडलेली पोर कोन करील?" मालतीबाई कडाडल्या. "घरात बसवून ठेवा जन्मभर!"

"बसंल," गोटीराम म्हणाला. "बसंल तं बसंल घरात."

गोजराने खांद्यावरचा शालू काढला, त्याची घडी घातली आणि नोकराच्या हातात दिली.

एसटीत तिघांना एकच बाक मिळाला. गोजरा खिडकीशी आणि गोटीराम तिच्या शेजारी बसला. कळव्याचा पूल मागे पडला. गोटीरामच्या मनात आलं, आपण पोरीला विचारलंही नाही. तिला तो आवडत असेल तर? गावात तोंड तिलाच दाखवायचंय.

"रागावलीस माझ्यावर?" त्याने विचारलं.

गोजराने नकारार्थी मान हलवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जत्रेला घेऊन गेलेला ना मला, तवा पन असाच चालवत होता. मीच बसलेली पुढं. हळू चालव बोलले, तं त्यानं भर रस्त्यात गाडी थांबवून माझा हात पिरगाळला." तिने बाही थोडी वर केली. काही दिसत नव्हतं, महिना होऊन गेला होता. "मी आईला सांगितलेलं."

गोटीरामने रखमाकडे बघितलं. ती पिशवीचा तुटका बंद गाठ मारून बांधत होती.

"मना का नाय सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंत?" रखमाने मान वर न करता विचारलं.

काय केलं असतं? सकाळी त्या सीटवर बसायच्या आधी हे कानावर आलं असतं, तर खरंच काय केलं असतं? गोटीरामला आपला आवाज स्वच्छ ऐकू आला. तो हसला असता. "जवान पोर हाय, रक्त गरम हाय, निवंल लगीन झाल्यावर," असं म्हणाला असता आणि बस्त्याचा दिवस ठरवायला निघाला असता.

त्याने गोजराचा हात हातात घेतला. तिने तो घेऊ दिला, पण तोंड खिडकीकडेच ठेवलं.