दुपारची न थांबणारी गाडी

आमच्या स्टेशनात सकाळ-संध्याकाळची पॅसेंजर तेवढी थांबायची. बाकीच्या गाड्या नुसतं तोंड दाखवून निघून जायच्या. त्यांना हिरवं निशाण दाखवायला स्टेशनमास्तर, म्हणजे माझे बाबा, फलाटावर उभे राहायचे. चेहरा असा की, समोरून गाडी नव्हे, मोठे साहेबच येतायत.

दुपारची एक्स्प्रेस दादा चालवायचा. घर फलाटाला लागूनच, त्यामुळे आम्ही दिसलो की तो दोनदा शिट्टी द्यायचा. आई हातातलं काम टाकून दारात धावायची. तेवढीच त्यांची भेट.

त्या दिवशी आईचं काही खरं नव्हतं. डॉक्टर मान हलवून गेले होते आणि तिचा एकच धोशा चालला होता, "त्याला बोलवा."

मी फलाटावर पळत गेले. "बाबा, लाल निशाण दाखवा. दोन मिनिटं येऊ दे त्याला."

"आणि आईला असं बघून तो पुढचा घाट उतरेल? दुसरा ड्रायव्हर कुठून आणू मी? मागे गाडीभर माणसं आहेत."

"माणसं गेली खड्ड्यात!"

"तेच व्हायला नको," बाबा म्हणाले.

गाडी आली. आई आजारी आहे एवढंच दादाला ठाऊक होतं. तो खिडकीतून वाकून बाबांचा चेहरा बघत होता. आणि ड्यूटीवर जन्मात न हसलेले माझे बाबा चांगले दात दिसेपर्यंत हसले. दादानं निर्धास्त हात हलवला, दोनदा शिट्टी दिली. शेवटचा डबा गेला तसे बाबा मटकन खाली बसले. मला त्यांची दया आली नाही. अजूनही पुरती येत नाही.

घरात आले तर आईचे डोळे टक्क उघडे.

"आला?"

"आला गं. हात धुतोय."

"वाढ त्याला."

मी ताट वाढलं. आवाज यावा म्हणून मोरीतला नळ सोडून ठेवला. बाबा येऊन दारात उभे राहिले. आई मान कलती करून त्यांच्या मागे बघायला लागली.

"किती वेळ लावतोय गं," ती म्हणाली. नंतर काही बोलली नाही.

नळ वाहतच होता. बाबा तो बंद करायला गेले आणि तिथेच, मोरीत बसून, लहान पोरासारखे हमसाहमशी रडले.