आठ कानांचं राज्य

राजा गाल्सेरानचं राज्य गुरुवारी दुपारच्या जेवणाआधी गेलं. दरबाराच्या दप्तरात मात्र असं काही नोंदलेलं नाही. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरू आणि त्याला सकाळभर राजा राहू देऊ.

राज्य तसं बायकोचं, ओनेका राणीचं. तो खाली समुद्रकाठच्या एका सरदाराचा धाकटा मुलगा. लग्नात त्याला राणी, दोन दऱ्या, एक किल्ला, पुष्कळ मेंढ्या आणि मुकुट मिळाला. मुकुट सासऱ्याच्या मापाचा होता, आत लोकर कोंबून घालावा लागे. डोंगरातले सरदार त्याला समोर महाराज म्हणत आणि त्याची पाठ वळली की जावईबापू. कधीकधी पाठ वळायची वाटही बघत नसत.

कायदा सोपा होता. राणी गेली की राजाही गेला. पण तिला मूल झालं आणि ते एकदा जरी रडलं, तर नवरा मरेपर्यंत राजा. मूल पुढे जगो न जगो. एवढंच की ते रडणं चार पुरुषांनी खोलीच्या भिंतीबाहेरून ऐकायला हवं. आत बायका असतात, पण बायकांचे कान त्या डोंगरात साक्षीला धरत नाहीत.

त्या गुरुवारी राणीच्या कळांचा तिसरा दिवस होता. चार साक्षीदार भिंतीला पाठ लावून बाकावर बसले होते. त्यांतला म्हातारा डॉन फोर्तून चेस्टनट सोलत होता. मायोरा दाई कोपरापर्यंत लाल होऊन बाहेर आली.

"बाळ आडवं आहे, महाराज. घंटा वाजवायला सांगा. आमच्यात बाई अडली की घंटा वाजवतात, मग गाठ सुटते."

"मेंढपाळांच्या बायकांसाठी वाजवतात," फोर्तून म्हणाला. "राणीसाठी आजवर कधी नाही. घंटेत आम्हाला रडणं कसं ऐकू यायचं, महाराज? तुमचाच मुकुट आहे."

आतून ओनेका ओरडली. ते ओरडणं आता माणसाचं राहिलं नव्हतं.

"वाजवा," गाल्सेरान म्हणाला. "बाळ यायला लागलं की मायोरा खिडकीतून चादर हलवेल. मी थांबवतो."

घंटा वाजवणारा माणूस राणीच्या चुलतभावाचा, तिच्यामागे गादीवर हक्क असलेल्या डॉन आझनारचा होता. अगदी त्याच सकाळी त्या वाजवणाऱ्याची पाठ धरली होती. मग राजा स्वतःच मनोऱ्यावर चढला आणि दोर ओढू लागला. डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की मोठी घंटा सुरू करणं आपल्या हातात असतं, थांबवणं घंटेच्या. समुद्रकाठच्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

चादर हलली. त्याने ओढणं थांबवलं. घंटेने नाही. तो दोराला लोंबकळला, तर दोराने त्याला उचलून वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं. मुकुट जिन्यावरून गडगडत गेला. हाताची सालं निघाली. घंटा शांत झाली, तेव्हा खालीही सगळं शांत झालेलं होतं.

तो धावत आला. "ऐकलंत?"

"घंटा ऐकली," फोर्तून खाली बघत म्हणाला. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. घंटा त्यांनीही ऐकली होती.

"मुलगी होती," मायोरा दारातून म्हणाली. "दोनदा रडली, महाराज. आम्ही अकरा जणींनी ऐकलं. मग गेली. पाठोपाठ राणीसाहेबही."

"बाई, तुला कुणी विचारलं?" डॉन आझनार म्हणाला. तो एवढ्या लवकर कसा आला, हेही कुणी विचारलं नाही.

फोर्तूनने हळूच विचारलं, "बापाची साक्ष चालत नाही म्हणा, पण तुम्ही तरी ऐकलंत का?"

"नाही," गाल्सेरान म्हणाला. आणि मग मायोराकडे वळून, "कशी रडली गं?"

मायोराने तोंड उघडलं. आझनारने हात वर केला.

"ते रडणं जी कुणी तोंडाने काढून दाखवेल, तिची जीभ कापली जाईल. मूल रडलं नाही, म्हणजे जन्मलं नाही. न झालेलं मूल कसं रडलं, हे दाखवणं म्हणजे खोटी साक्ष."

जे जन्मलंच नाही, त्याला नाव मिळत नाही आणि चर्चच्या आवारात जागाही. मुलीला कुंपणाबाहेर पुरलं. कारकुनाने चामड्याच्या पानांवरून पाच वर्षं राज्य केलेला राजा सुरीने खरवडून काढला. पानं चांगली होती, त्यांवर मेंढ्यांचे रोग लिहून ठेवले.

त्यानंतर दर वसंतात समुद्राकडून एक अर्ज येतो. तो असा:

"डॉन आझनार महाराजांच्या सेवेशी. अर्जदार गाल्सेरान, पूर्वी कोणी नाही, हल्लीही कोणी नाही, सविनय विनंती करतो की मायोरा दाई हिला अर्जदारासमोर, दार लावून व एकही साक्षीदार हजर नसताना, सदर रडणं काढून दाखवण्याची परवानगी मिळावी. अर्जदार ते ऐकून कसलाही हक्क सांगणार नाही. दोनदा शक्य नसल्यास एकदाच चालेल. दाईचं वय झालेलं असल्याने निर्णय लवकर व्हावा, ही विनंती."