मंडईची फळी

दिवाळी सरली, धान कापून खळ्यावर आला, की झाडीपट्टीतल्या गावांना मंडईचे वेध लागतात. आज या गावची मंडई, परवा त्या गावची. दिवसा बाजार नि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. पाहुणा सपरीत, पुढच्या पडवीत, चप्पल काढून आत आला की त्याची नजर आधी जाते ती मधल्या खोलीतल्या फळीवर. भिंत पांढऱ्या मातीनं सारवलेली, फळीच्या कडेला कागदाची झालर, नव्या धानाच्या लोंब्यांचे झुपके, आणि वर ओळीनं मांडलेलं, घासून लख्ख केलेलं पितळ. ज्या घरची फळी लागली नाही त्या घरात यंदा काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालतात.

मुखरूचं घर गावाच्या शेवटी, रानाच्या अंगाला. नीलिमा त्या घरात सून म्हणून आली ती उन्हाळ्यात. माहेर गडचांदूरचं, बाप सिमेंटच्या ट्रकवर ड्रायव्हर. तिच्या माहेरच्या शोकेसमध्ये फुलाफुलांचे चिनी कप असायचे. त्यातलेच सहा आईनं तिला कापडात गुंडाळून दिले होते. ही तिची सासरची पहिली मंडई. कप वरच्या फळीवर मधोमध ठेवावेत आणि पितळ खालच्या फळीवर घ्यावं, असं तिनं मनाशी ठरवलं आणि सासूला न विचारता तसं करून टाकलं.

गेली कितीतरी वर्षं त्या फळीवर कुठलं भांडं कुठं, हे सासू इंदुताईनंच ठरवलं होतं. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं फळीकडे एकदा पाहिलं, पाण्याचे गुंड, परात, कोपर, लोटे सगळं पितळ गोळा केलं आणि मागच्या अंगणात नेऊन चिंच नि राख घेऊन पुन्हा घासायला बसली. ते आधीच घासलेलं होतं. बसताना तिनं घराकडे मुद्दाम पाठ केली. जाता जाता एवढंच म्हणाली, "इथी लोकं पितळ पाह्यतेत."

सासरा मुखरू खळ्यावर गेला होता, नवरा गोपाल नाटकाच्या मंडपाच्या कामात होता. नीलिमा धानाच्या पत्र्याच्या कोठीवर उभी राहून वरच्या फळीला झालर चिकटवत होती. रागानं तिचे हात भराभर चालत होते. कोठीचा पत्रा जुना होता. वजन या पायावरून त्या पायावर गेलं की तो आत दबे आणि टणकन आवाज करून वर येई. गावाच्या त्या टोकाला काहीतरी आरडाओरडा चालला होता. मंडपाचा खांब उभा करत असतील, असं तिला वाटलं. कुत्री मात्र फार भुंकत होती.

सपरीतून काहीतरी आत आलं. खाली न पाहता तिनं हाड म्हटलं. कुत्रं असेल. मग तिनं पाहिलं. जे आत आलं होतं ते जमिनीला पोट लावून सरकत मागच्या दाराजवळच्या खाटेखाली शिरलं. अंग आत गेलं तरी शेपटी थोडा वेळ बाहेर होती. लांब, जाड, ठिपक्याठिपक्यांची. मग तीही आत ओढली गेली.

नीलिमाच्या तोंडातून आवाज निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं की वाईट, हे तिला पुढंही कधी ठरवता आलं नाही. वाघाच्या, बिबट्याच्या गोष्टी लग्न ठरल्यापासून तिच्या कानावर होत्या. तुरीत दिसला, तलावाच्या पाळीवर दिसला, अमक्याची शेळी नेली. घरात, दिवसाढवळ्या, आपण झोपतो त्या खाटेखाली, असं कुणी सांगितलं नव्हतं.

खाटेखालून श्वास ऐकू येऊ लागला. धापा टाकल्यासारखा, मध्येच घशात घरघर. दोन्ही दारं उघडी होती. पण खाली उतरायचं म्हणजे पत्रा वाजणार, आणि खोली अशी अरुंद की खाटेला वळसा घातल्याशिवाय कुठल्याच दाराला पोचता येत नव्हतं. फोन चुलीजवळ चार्जिंगला होता. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. एका पायावरचं वजन हललं आणि पत्रा हलकेच वाजला. घरघर थांबली. खाटेखाली दोन डोळे उघडलेले दिसले, तिच्याकडेच लागलेले. तिनं श्वास रोखला. बऱ्याच वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिला उलट बरं वाटलं.

आणि मग तिला मागच्या अंगणातला आवाज ऐकू आला. इंदुताई परातीवर पाणी ओतत होती. शेवटची परात. ती धुतली की सगळं पितळ हातावर घेऊन ती आत येणार होती, त्याच दारानं, खाटेला पदर घासून. घासलेलं पितळ उन्हात ठेवून वाळवायची तिची रीत नव्हती. ओलं असतानाच पुसून फळीवर ठेवायची.

नीलिमाला दारातून तिची पाठ दिसत होती. हाक मारता येत नव्हती. तिनं हात हलवले, पण पाठीला डोळे नसतात. एकदा इंदुताईनं मान थोडी वळवली, सून हातवारे करतेय एवढं तिला ओझरतं दिसलंही असावं. तिनं मान तशीच परत फिरवली. आता मनवायला बघते, असंच तिला वाटलं असणार. सकाळचा सगळा राग कुठल्या कुठं गेला होता. ही बाई आता उठेल, आणि आपण वरून बघत राहू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

छपरात एका जागी मातीच्या कवेलूऐवजी काच बसवली होती, घरात उजेड यावा म्हणून. तिथून उन्हाची तिरीप तिच्या खांद्यावर पडली होती. फळीवर एक स्टीलचं ताट होतं. तिनं ते अलगद उचललं, तिरिपेत धरलं आणि हळूहळू कलतं केलं. उजेडाचा एक तुकडा भिंतीवरून घसरत दारात गेला, अंगणात गेला. तो तुकडा शेणाच्या सारवणावर नुसता नाचत राहिला. शेवटी तो इंदुताईच्या हातातल्या परातीवर पडला आणि तिच्या डोळ्यांत चमकला.

इंदुताई चिडून वळली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. नीलिमानं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांचा पंजा करून खाटेकडे खाली दाखवला. इंदुताई पाहत राहिली. सुनेचं तोंड बघून तिला काय ते कळलं. रानाच्या कडेला जन्म गेलेल्या बाईला जास्त सांगावं लागत नाही. तिनं परात एवढीसुद्धा न वाजवता मातीवर ठेवली, ओलं लुगडं वर खोचलं, अनवाणी पावलांनी दाराशी आली. तिच्यात आणि खाटेत हातभर अंतर राहिलं होतं. तिनं आत हात घालून दाराच्या फळ्या ओढल्या, दार लावलं, आणि बाहेरून कडी घातली.

खोलीत एकदम अंधारून आलं. आता दोघंच उरली, नीलिमा आणि खाटेखालचं ते. सासूनं आपल्याला आत कोंडलं, हा विचार तिच्या मनात आलाच. तो आला याची तिला नंतर लाज वाटली, पण त्या वेळी तो सुईसारखा टोचत होता. तिला गडचांदूरचं घर आठवलं, गावाजवळच्या खाणीत सुरुंग उडाला की शोकेसमध्ये किणकिणणारे कप आठवले.

बाहेर गलका वाढत होता. बिबट्या तुरीतून गावात शिरला, कुठं गेला ते कुणाला कळत नाही, म्हणून माणसं काठ्या घेऊन फिरत होती. तो गलका घराच्या दिशेनं आला आणि अचानक थांबला. पुढच्या बाजूला इंदुताईचा दबका, पण करडा आवाज ऐकू आला. एकानंही तोंड उघडायचं नाही, पुढचं दार मोकळं ठेवा, त्याले जाऊ द्या, सपरीसमोर कोणी उभं राहू नका, असं ती सांगत होती. कुणीतरी फटाके लावू म्हणालं. "माही सून आत आहे," इंदुताई म्हणाली.

मग डोक्यावर खडखड झालं. एक कवेलू सरकलं. दुसरं सरकलं. आभाळाचा निळा तुकडा दिसला आणि त्यातून सासऱ्याचं, मुखरूचं तोंड. खळ्यावरून परत येऊन, मागच्या बाजूनं शिडी लावून तो छपरावर चढला होता. कवेलू काढणं सोपं होतं; खालच्या बांबूच्या कामट्या दोरीनं घट्ट बांधलेल्या होत्या, आणि त्या विळ्यानं एकेक कापाव्या लागत होत्या. प्रत्येक दोरी तुटली की कामटी करकरत वाके. प्रत्येक करकरीला खाटेखालून गुरगुर येई, आता मोठी, दमदाटीची. माती, कोळीष्टकं नीलिमाच्या केसांत पडत होती. खोकला येत होता तो ती गिळत होती.

भोक माणूस निघेल एवढं झालं तेव्हा मुखरू पोटावर आडवा झाला आणि त्यानं दोन्ही हात खाली सोडले. हात पोचत नव्हते. तिला फळीवर चढावं लागणार होतं.

"खाली पाहू नको," तो अगदी हळू म्हणाला. "माह्याकडं पाह्य."

तिनं एक गुडघा खालच्या फळीवर टेकला, दुसरा पाय उचलला. कोठीचा दबलेला पत्रा तिच्या वजनातून सुटला आणि बंदुकीसारखा वाजला. दचकून तिचा हात वरच्या फळीवर आपटला. कप खाली गेले. एकामागून एक फुटले.

खाटेखालून ते बाहेर आलं. नीलिमानं पाहिलं नाही, पण ऐकलं. खाट उलटली, नखं जमिनीवर घासली, आणि मागच्या दाराच्या फटीतल्या उजेडाकडे त्यानं उडी घेतली. कडी लावलेल्या दारावर ते असं धडकलं की भिंत हादरली. ते परत उठलं तेव्हा नीलिमाचे हात मुखरूच्या हातांत होते. त्यानं तिला ओढलं. कामटीनं तिची कंबर सोलली, साडी फाटली, पण ती वर आली. खाली बिबट्या एकदा कोठीवर चढला, गुळगुळीत पत्र्यावरून घसरला आणि कोठीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

छपरावर ती मुखरूचा दंड धरून बसून राहिली. उतरायला सांगितलं तरी तिला उठता येईना. शेवटी गोपाल, जो मंडपावरून धावत आला होता, शिडीवर चढला आणि तिचा एकेक पाय स्वतःच्या हातानं पायरीवर ठेवत त्यानं तिला खाली घेतलं. शिडीचं बूड इंदुताईनं दोन्ही हातांनी धरलं होतं. चिंच नि राखेनं तिचे हात अजून काळे होते.

नीलिमानं तिला विचारलंच. पाणी प्यायच्याही आधी. "आई, कडी काऊन लावली?"

इंदुताईनं शिडी सोडली नाही. "दार उघडं राह्यलं असतं तं मी तुह्याकडं धावली असती," ती म्हणाली. "मले माहीत आहे ना मी कशी आहो ते. मंग तू बी गेली असती अन् मी बी."

दुपारी वनविभागाची गाडी आली. वनरक्षक दिव्यानी नावाची तरुण मुलगी होती, गावातल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिनं गल्ली रिकामी करवली, कुत्री बांधायला लावली, मंडपाचं काम थांबवलं आणि सगळ्यांना शाळेच्या आवारात नेऊन बसवलं. बेशुद्ध करायचं सामान ब्रह्मपुरीहून यायचं होतं. ते यायच्या आधीच, ऊन उतरायला लागलं तेव्हा, बिबट्या स्वतःच सपरीत आला. शाळेच्या भिंतीआडून नीलिमानं त्याला पाहिलं. तिला वाटला होता त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान होता, बरगड्या दिसत होत्या, दारावर आपटलेल्या बाजूचा पाय तो टेकत नव्हता. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, कुंपणावरून उडी मारली आणि कापलेल्या धानाच्या बांध्यांतून लंगडत रानाकडे गेला. कुणी ओरडलं नाही. दिव्यानी दुर्बिणीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत उभी होती.

रात्री घरचे सगळे शेजाऱ्यांकडे झोपले. सकाळी गोपालनं खोली दोनदा धुतली, तरी बिबट्याचा उग्र वास जाईना. इंदुताईनं गोवऱ्यांवर कडुलिंबाचा पाला टाकून धूर केला. छपराच्या भोकावर ताडपत्री आली. पाहुणे तर येणारच होते, आणि फळी उघडी होती. नीलिमा कोठीजवळ गेली, तिच्यावर हात ठेवला आणि तशीच थांबली. वर चढायला पाय तयार होईना. इंदुताईनं ते पाहिलं. ती स्वतः चढली. नीलिमा खालून एकेक भांडं देत गेली, आणि कुठलं कुठं ठेवू, हे इंदुताई वरून तिला विचारत गेली. परात मध्ये शोभेल, असं नीलिमा म्हणाली, तर तिनं परात मध्ये ठेवली.

पाहुणे आले ते फळी पाहायला नाहीत. खाट पाहायला, भोक पाहायला, दारावरचे ओरखडे पाहायला. प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून ऐकायची होती. मुखरू सांगे, गोपाल सांगे, आणि सांगता सांगता बिबट्या मोठा होत जाई. नीलिमानं भात वाढला, वरण वाढलं, हसून उत्तरं दिली. पंगत उठल्यावर ती मागच्या अंगणात गेली आणि भिंतीला टेकून बसली. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. अंग गदगदत होतं, दातावर दात वाजत होते.

इंदुताई सुपात वालाच्या शेंगा घेऊन बाहेर आली. तिनं रडू नको म्हटलं नाही. ती शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल अशी, आणि शेंगा सोलू लागली. बाजूला दंडारीचा ढोल सुरू झाला होता. थोड्या वेळानं नीलिमानंही सुपातली एक शेंग उचलली.